छातीवाला, पोटवाला आणि गंगव्वा

डॉक्टर बिराजदारांचं भांडण ऐकायचं तर त्यांच्या खोलीत माझ्याशिवाय दुसरं कुणी नसावं लागे. सोलापुरातल्या आमच्या छोट्या इस्पितळात ते सर्जन आणि मी भूल देणारा. अवघड ऑपरेशन आलं की ते दोन खुर्च्या समोरासमोर मांडत आणि आळीपाळीने दोन्हींवर बसून स्वतःशीच कडाकडा भांडत. चहा दोन मागवत, दोन्ही स्वतःच पीत. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर न्यायाधीश. न्यायाधीशाला बोलायची परवानगी नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच ओसरला होता, तेव्हा होटगीची गंगव्वा आली. पोट आणि छाती यांमधल्या पडद्याचं भोक रुंदावून तिच्या जठराची जवळजवळ सगळी पिशवी छातीत चढून बसली होती. आडवं झालं की जीव गुदमरायचा. बाई कित्येक वर्षं बसूनच झोपत होती. ऑपरेशन तर करायचंच होतं, पण शिरायचं कुठून? लगेच खुर्च्या मांडल्या गेल्या.

"छाती उघड! वरनं सगळं ढळढळीत दिसतंय की!" छातीवाले बिराजदार गरजले आणि उठून समोर जाऊन बसले.

"आणि तिचा खोकला? फुप्फुसं काय तुझा बाप सांभाळणार?" पोटवाल्यांनी विचारलं.

"बाप काढायचं काम नाही!"

बाप एकच असल्यामुळे दोघंही जरा वेळ गप्प बसले.

वॉर्डातली तऱ्हा आणखी वेगळी. गंगव्वाच्या खाटेवर तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि आम्हाला एक्स-रे समजावत राहायचे. लई वेळ समजावायचे. तेवढ्यात ती त्यांच्या पाठीला पाठ टेकून डुलकी काढायची. सिस्टर तोंड फिरवून हसायची. मीही हे त्यांच्या इतर खुळांतच जमा केलं.

आठवडाभर निकाल लागेना, तेव्हा गंगव्वाच वैतागली. "डाक्टर, वरनं कापा न्हायतर खालनं कापा. पर मला येकदा आडवं निजू द्या की!"

बिराजदारांचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "पोटातून जायचं. पण छातीलाही जंतुनाशक औषध लावून ठेवा. पोटवाला अडला तर छातीवाला तयार पाहिजे."

ऑपरेशनभर दोन्ही बिराजदार गप्प होते. मला त्याचीच जास्त भीती वाटली. पण पिशवी सुखरूप खाली आली, भोक शिवलं गेलं. छातीवाल्याची गरज पडली नाही.

जखम भरत आली होती तेव्हाची एक दुपार. वॉर्डात गंगव्वा खाटेवर सपाट आडवी होऊन चक्क घोरत होती. बिराजदार दारात उभे, बूट हातात. मी बोलणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"माझ्या आईलाही हेच होतं," ते हळूच म्हणाले. "गावाकडं तेव्हा डॉक्टर कुठला? माझ्या पाठीला टेकून निजायची. मी हलायचो नाही."

मग म्हणाले, "तिला आडवं झालेलं मी एकदाच बघितलं."

बूट तसेच हातात धरून ते आपल्या खोलीत गेले आणि एका खुर्चीत बसले. मी मागोमाग गेलो, स्टूल सोडलं आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो. नेहमीसारखे दोन चहा आले. एक मी प्यायलो.