घोड्याच्या पोटातलं भोक

एव्हरेट पिंकम स्वतःची ओळख करून देताना उभा राहत असे. आधीच उभा असला तर टोपी काढत असे.

"मी पिंकम. अनुमानशास्त्राचा उपासक. सव्वीस वर्षं टपाल खात्यात पत्रं न उघडता आतला मजकूर ओळखत आलो. या खोऱ्यात गुन्हेगार दिसत नाहीत, ते माझ्या धाकानं."

क्लेमंट लाबाउंटीनं हे इतक्या वेळा ऐकलं होतं की 'धाकानं' आलं की तो गाडीची किल्ली चाचपायचा. क्लेमंट म्हणजे एव्हरेटच्या धाकट्या बहिणीचा, व्हर्नाचा नवरा. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झाला आणि एव्हरेटचा सहायक म्हणून पुन्हा कामाला लागला. नेमणूक बायकोनं केली होती.

"दादा एकटा गेला तर कुणाचं तरी मन दुखवून येईल," व्हर्ना म्हणाली होती. "तू नुसता शेजारी उभा राहा. अनुमान काढायला लागला की घरी घेऊन ये."

अडचण एवढीच होती की अनुमान काढून झाल्याशिवाय एव्हरेट घरातून निघतच नसे.

मार्च संपत आला होता. नॉर्थ कॅल्डरचे रस्ते बर्फ वितळून असे झाले होते की टपाल आलं तर आलं. अशा गुरुवारी हेस्टर कोल्बीचा निरोप आला. चिखलातून दोनदा गाडी ढकलून दोघं गावच्या वाचनालयात पोचले.

मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर लाकडी जिगसॉ कोडं मांडलेलं होतं. बर्फातलं लाल कोठार, समोर घसरगाडीला जुंपलेला तांबडा घोडा, कोठाराच्या छपरावर वारा दाखवणारा कोंबडा. आणि घोड्याच्या पोटात भोक. एक तुकडा नव्हता.

"घोडं इथंच पेंड खातंय," एव्हरेट भोकाकडे बोट दाखवून म्हणाला.

"ते मलाही दिसतंय," हेस्टर म्हणाली. "तुकडा कुणी खाल्ला ते सांग."

हेस्टर आणि आयना ड्राउन या दोघी मैत्रिणी. चिखलाच्या दिवसांत घराबाहेर पडवत नाही, म्हणून एकतीस वर्षं दर मार्चमध्ये टॅबिथा व्हीलॉककडून एक कोडं घ्यायचं आणि दोघींनी मिळून सोडवायचं, असा त्यांचा रिवाज. टॅबिथा आपल्या कोठारात पायानं चालवायच्या करवतीवर चेरीच्या लाकडाची कोडी कापायची. डब्यावर चित्र नाही, तुकडे किती तेही लिहिलेलं नाही. वर काही तुकडे मुद्दाम असे कापलेले, की चार ठिकाणी घट्ट बसावेत आणि त्यातल्या तीन जागा खोट्या निघाव्यात. टॅबिथाचं कोडं सुटलंसं वाटलं की समजावं, आता सुरुवात झाली, असं गावात म्हणत.

"शेवटचा तुकडा आपणच लावायचा म्हणून आयनानं खिशात घातला," हेस्टर म्हणाली. "नव्वदच्या साली एकदा घातला होता. तेव्हा मी हसले. या वेळी विचारलं, तर म्हणाली, 'माझे खिसे तपास.' आता मैत्रिणीचे खिसे कुणी तपासतं का?"

"मग?"

"मग तपासले. नाही सापडला. नऊ दिवस झाले, बोलत नाही माझ्याशी."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मे महिन्यात ती मुलीकडे अॅरिझोनाला चाललीय. कायमची. हे शेवटचं कोडं आमचं."

क्लेमंटला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण एव्हरेटनं भिंग काढलं होतं.

"लाबाउंटी, लिही," तो म्हणाला. तपासाच्या वेळी तो मेहुण्याला आडनावानं हाक मारी. "भोकाचा आकार बुटासारखा. अर्थात चोर पायी आला."

"या चिखलात सगळेच पायी येतात, दादा."

"म्हणजे संशयित किती वाढले बघ."

संध्याकाळपर्यंत त्यानं तीन सिद्धांत मांडले. पहिला वाचनालयाच्या कुत्र्यावर होता. तो बारा वर्षांचा होता, त्याला दात चारच होते आणि त्याचं जेवण भिजवून द्यावं लागे. एव्हरेटनं त्याचा जबडा उघडून आत पाहिलं. कुत्र्यानं सहकार्य केलं आणि तो झोपून गेला. दुसरा खारीवर होता. तो खार न सापडल्यामुळे अजून शाबूत होता. तिसरा मात्र थेट टॅबिथावर.

"तिनं तुकडा कापलाच नाही," एव्हरेट गाडीत बसत म्हणाला. "हेतू काय, विचार."

"काय हेतू?"

"तो तीच सांगेल."

टॅबिथा चौऱ्याहत्तर वर्षांची. अंगावर भुसा, कानामागे पेन्सिल. एव्हरेटची ओळख पूर्ण होईपर्यंत तिनं एक अख्खा ढग कापून घेतला.

"माझ्याकडून तुकडा कमी जात नाही," ती म्हणाली.

"मग भोक कुठून आलं?"

"सांगितलं तर कोडं कशाला घ्यायचं लोकांनी? चित्र घ्यावं." तिनं ढगाच्या कडा कागदानं घासल्या. "कोंबडा कसा आहे?"

"कोंबडा छान आहे."

"कुठं आहे?"

"छपरावर. कोंबड्यानं असावं तिथं."

"अस्सं," म्हणून टॅबिथा खोकली. बराच वेळ खोकली. परत येताना एव्हरेट म्हणाला, "बाई विषय बदलत होती. पाहिलंस? कोंबड्यावर घसरली." क्लेमंटला तो खोकला नीटसा पटला नव्हता, पण रस्ता असा होता की डोकं दुसरीकडे लावायची सोय नव्हती.

शुक्रवारी सकाळी एव्हरेटनं दोघी मैत्रिणींना मागच्या खोलीत बोलावलं. समोरासमोर बसवून प्रश्न विचारले की गुन्हेगार घामाघूम होतो, असा त्याचा विश्वास. त्या खोलीतली ऊब देणारी शेगडी बिघडलेली होती. चौघंही कोट घालून बसले.

आयना बारीक, ताठ बाई. ती हेस्टरच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघून बोलत होती. "मिस्टर पिंकम, त्या बाईंना सांगा, मी तुकडा घेतलेला नाही."

"तिला म्हणावं, 'घेतलास' असं मी म्हटलंच नव्हतं. विचारलं होतं," हेस्टर भिंतीला म्हणाली.

"त्यांना म्हणावं, एकतीस वर्षांनी विचारावं लागलं, तेच लागलं मला."

हेस्टर हातमोज्याचं एक बोट ओढत राहिली.

एव्हरेटनं वही उघडली. "नव्वद सालच्या खिशाबद्दल बोलू या. उजवा की डावा?"

"दादा, चला घरी," क्लेमंट म्हणाला.

तेवढ्यात दार ढकलून व्हर्ना आत आली. तिच्या काखेत बिस्किटं भाजायचा मोठा पत्र्याचा ट्रे होता. "संपलं का तुमचं? शनिवारच्या गावजेवणाला हे टेबल लागणार आहे. बर्फ परातीत भरून ठेवायचाय, त्यावर ओतून खायला मेपलचा पाक आटवायचाय. आणि कुणी सांगेल का मला, पाक हेस्टरचा आणि डोनट आयनाचे, हे ठरल्याप्रमाणेच आहे ना? का लोकांनी नुसता बर्फ आणि तोंडी लावायचं काकडीचं लोणचं खायचं?"

हेस्टर भिंतीकडे बघत राहिली, आयना घड्याळाकडे.

"बरं," व्हर्ना म्हणाली, "मग हे तरी हलवते." तिनं कोडं अलगद सरकवून ट्रेवर घ्यायला सुरुवात केली. बर्फ गेला, घोडा गेला, कोठार गेलं. छप्पर मात्र जाईना. चित्राच्या कडेबाहेर डोकं काढलेला कोंबडा ट्रेच्या काठाला अडत होता.

"पुराव्याला हात लावू नकोस," एव्हरेट म्हणाला.

"पुरावा बसत नाहीये," व्हर्ना म्हणाली. तिनं कोंबडा उचकटला आणि जवळ होती म्हणून आयनाच्या हातात ठेवला. "धर हे जरा."

मग तिनं छप्पर आत सरकवलं. चारी बाजू ट्रेला नीट लागल्या. सरळ, चौकोनी चित्र. कुठं काही वर नाही, बाहेर नाही.

आयना हातातल्या तुकड्याकडे बघत होती. हेस्टर आयनाच्या हाताकडे बघत होती. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथं तर ते नऊ दिवस उघड्यावर उभं होतं, आणि कुणाचं उजाडलं नव्हतं.

"दे इकडे," हेस्टर म्हणाली.

आयनानं दिला. हेस्टरनं भोकाशी धरून पाहिला. "नाही बसत."

"भोवतालचे फिरव ना. तो पट्टा उलटा असेल. आणि पायाजवळचा."

"हा?"

"तो नव्हे गं. तो."

दोघींच्या खुर्च्या केव्हा जवळ आल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एक तुकडा उलटा फिरला, दोन एकमेकांच्या जागी गेले, आणि बुटाचा आकार हळूहळू मोडत गेला. वीसेक मिनिटांनी भोकाला शेपूट आलं, मग तुरा आला. कोंबडा छपरावरचा नव्हताच. बर्फातून पळून येऊन घोड्याच्या पोटाखाली उबेला उभा होता.

"तू लाव," हेस्टर म्हणाली.

"नको. तू लाव."

"आयना, लाव म्हटलं ना. चुकलं माझं."

आयनानं कोंबडा बसवला आणि अंगठ्यानं दाबला. बारीक टक असा आवाज झाला. "डोनटना ताक लागेल," ती व्हर्नाला म्हणाली. "माझ्याकडचं संपलंय." आणि नाक पुसायला रुमाल शोधू लागली. हेस्टरनं आपला दिला.

क्लेमंटनं एव्हरेटकडे पाहिलं. तो वहीत काहीतरी खोडत होता.

परतीच्या वाटेवर त्यानं वही मांडीवर पालथी ठेवली होती. वळणावर चाक चिखलात रुतलं. क्लेमंटनं गाडी बंद केली. दोघं काचेतून समोर बघत बसले.

"क्लेम," एव्हरेट म्हणाला. आडनाव नव्हतं लावलं. "खरं सांग. मला यातलं काही कळतं का?"

क्लेमंटनं विचार केला. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती, आणि बहात्तर वर्षांच्या माणसाला हो किंवा नाही यातलं काहीच सांगवेना.

"नऊ दिवस अख्खं गाव त्या दोघींना समजावत होतं, दादा," तो शेवटी म्हणाला. "एका खोलीत त्यांना तुम्ही बसवलंत. दुसऱ्या कुणाला नाही जमलं."

एव्हरेटनं वही उचलून खिशात घातली. मग त्याची पाठ हळूहळू ताठ झाली.

"तोच तर माझा डाव होता, लाबाउंटी," तो म्हणाला, आणि गाडी ढकलायला खाली उतरला.