काळजापर्यंत पिकलेलं चीज

आमच्या नॉर्मंडीत माणसाला सही करता आली नाही तरी चालतं, पण कामाम्बेर चीज पिकलंय की नाही, हे अंगठ्यानं दाबून सांगता आलंच पाहिजे. मला येतं! मी छपरं शाकारणारा माणूस. शाळेशी माझं कधी पटलं नाही, पण माझा अंगठा प्रोफेसर आहे!

डोकं फिरतं ते चीज किती पिकलंय हे सांगणाऱ्या शब्दांनी. चीजवाला आर्सेन बोलायला लागला की पाद्री प्रवचन देतोय असं वाटतं. खडूसारखं, कोवळं, अर्ध्या काळजाचं, काळजापर्यंत म्हणजे पार मधोमध पिकलेलं, उतरणीला लागलेलं, वाहवलेलं! अरे, चीज विकतोस की वंशावळ वाचतोस? आणि माझ्या सासूबाई, एर्मांस, हेच शब्द माणसांना लावतात. मेयर उतरणीला लागलेला. पोस्टातली बाई वाहवलेली. आणि मी? लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर, भर लोकांत म्हणाल्या, "मुलगा अजून खडू आहे. पिकेल तेव्हा पिकेल."

गेल्या नाताळात आमच्याकडे त्यांच्यापुढे कच्चं चीज आलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, तोंड टिपलं आणि उठून गेल्या. तेव्हापासून आमचा उंबरा ओलांडला नाही. माझी बायको मारीवोन आईसाठी झुरायची. शेवटी सासूबाई कशाबशा तयार झाल्या. रविवारी जेवायला येणार!

"या वेळी चीज चुकलं," मारीवोन म्हणाली, "तर आई पुन्हा पाऊल टाकणार नाही. सांगून ठेवते!"

"चुकतंय कसं? सोड माझ्यावर!"

दुकानात आर्सेननं नेहमीचा सवाल टाकला, "कधी खायचंय?"

"रविवार दुपार."

त्यानं ढीगभर डब्या उघडल्या, झोपलेल्या बाळाच्या पापणीला हात लावावा तशी एकेक चकती दाबली आणि त्यातली एक मला दिली.

शनिवारी सकाळी फोन! "जावईबापू, भाचा आजच गाडी घेऊन तिकडं निघालाय. त्याच्याबरोबर आजच येते." ठेवलासुद्धा!

चीज दाबलं. मधोमध दगड! धावत दुकान गाठलं.

"आजसाठीची सगळी गेली," आर्सेन म्हणाला. "हा काय पाव आहे, भट्टीतून काढून द्यायला?"

मी त्याच्याच दुकानाचं दार त्याच्याच तोंडावर आपटलं आणि घरी आलो. पिकायला काय लागतं? ऊब! चीज डबीतून काढलं, नुसत्या कागदात ठेवलं, पलंगावर गरम पाण्याच्या पिशवीला टेकवलं आणि वर दुलई घातली. मग सुईणीसारखा सारखा जाऊन दाबून पाहत होतो.

बेल वाजली. सासूबाई!

आमच्याकडे पाहुण्यांचे कोट पलंगावर टाकतात. मी झेपच घेतली. "द्या आई, मी ठेवतो!"

"राहू दे. कोट ठेवायची अक्कल तुला कधीपासून आली?" म्हणत त्या थेट खोलीत. मी मागे पोहोचेपर्यंत त्यांनी दुलई बाजूला सारून हात आत घातला होता.

"अगंबाई!" त्यांचा चेहरा उजळला. "माझी कंबर धरते म्हणून जागा ऊन करून ठेवलीत?"

आणि बसल्या! सगळ्याच्या सगळ्या बसल्या!

मी तोंड उघडलं. हा आता काहीतरी वाकडं बोलणार, या भीतीनं मारीवोननं माझं पाऊल चिरडलं. तिची आई चक्क हसत होती! मेयरला चौकात शिव्या घालणारा मी मान खाली घालून म्हणालो, "हो आई. तुमच्यासाठीच."

चांगला वेळ बसल्या तिथं. मग जेवायला उठल्या. सूप वाढलं आणि मी खोलीत पळालो. पिशवी होती. कागदाचा फाटका कपटा होता. चीज नव्हतं.

परत आलो, सासूबाईंकडे पाहिलं. जाड लोकरीचा काळा झगा पसरून त्या खुर्चीत ठाण मांडून बसलेल्या. कळलं!

कोंबडी संपेपर्यंत वास असा चढला की खिडकीतली कुंडीसुद्धा बाहेर वाकली. सासूबाईंनी डोळे मिटून श्वास घेतला. "वा! याला म्हणतात काळजापर्यंत पिकलेलं. माणूस पिकला नाही, पण चीज निवडायला शिकला! आण बघू."

मी हललो नाही.

"आण की!"

"मांजरानं नेलं."

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"शेजाऱ्यांचं."

"मग वास इथं कसा?"

"ते... इथूनच गेलं."

"जावईबापू!" त्यांनी सुरी खाली ठेवली. तोंड टिपायला रुमाल उचलला. मारीवोन पांढरी पडली. आता त्या उठणार, कायमच्या!

"आई, उठू नका!" मी ओरडलो. "चीज तुमच्याखाली आहे!"

सासूबाई सावकाश उभ्या राहिल्या, वळल्या आणि मागचं बघून म्हणाल्या, "मारीवोन, सुरी."

जुन्या छपरावरचं शेवाळ खरवडावं तसं मारीवोननं ते झग्यावरून अलगद सोडवलं. चांगलं भाकरीएवढं पसरलं होतं. सासूबाईंनी मध्यावर अंगठा दाबला. पावाच्या तुकड्यावर थोडं घेतलं. चघळलं. मी छपरावरून निसटताना जेवढा घाबरलो नव्हतो, तेवढा घाबरलो.

"काठाला झालंय," त्या म्हणाल्या. "मध्ये जरा कच्चं राहिलं. मीच लवकर उठले." मग कोट चढवता चढवता म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सकाळीच येते. आणि ती गरम पाण्याची पिशवी नको. तिची काही गरज नाही."