एक तास चार मिनिटं सतरा सेकंद

आमच्या गावच्या रविवारच्या धावेचे विक्रम, ज्याने केले त्याच्या घरी राहतात.

धाव फुकट आहे. जुन्या जकात नाक्यापासून पाटाच्या कडेने पंपघरापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, पाच किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघतात. फी नाही, पदक नाही. परत आल्यावर प्रत्येकाला एक केळं मिळतं. मी नाक्याच्या पायरीवर घड्याळ घेऊन बसते आणि जो येईल त्याचं नाव आणि वेळ भिंतीवरच्या फळ्यावर लिहिते. हे काम मला आठवीत असताना मिळालं, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मी फारशी बोलत नाही. "वेळ लिहिणाऱ्याने बोलूच नये," असं धाव समितीचे अध्यक्ष डॉ. पारखी म्हणतात. ते दातांचे डॉक्टर आहेत.

पुरुषांचा विक्रम, सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद, औताडे साहेबांकडे राहतो. ते दूध संघात मॅनेजर आहेत. हा विक्रम सडपातळ आहे, उभ्यानेच पाणी पितो आणि मोड आलेले मूग खातो. पाहुणे आले की औताडे साहेब त्याला बोलावून सोफ्यावर बसवतात. "रोज दोन बनियन धुवायला टाकतो," असं औताडे वहिनी म्हणतात, "पण घरात मान आहे त्याला. माझ्यापेक्षा जास्त."

विक्रम मोडला, की जुना साडेसातच्या एसटीने जातो आणि नवा पावणेबाराच्या एसटीने येतो. जुने कुठे जातात हे कुणी विचारलेलं नाही. मात्र वेळ फळ्यावर लिहिली गेली तरच हे होतं, नुसतं पळून भागत नाही. मी शेवटचा आकडा लिहून खडू उचलला की जुन्या विक्रमाला कळतं, मग तो कुठेही असो. चौदा वर्षांखालच्या मुलींचा विक्रम एकदा नाश्त्यावरून उठून गेला होता. पोह्यांवर लिंबू पिळून झालं होतं.

सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बायकांचा विक्रम मथुराकाकू भालसिंग यांच्याकडे राहतो. वयाने त्या आजी आहेत, पण सगळं गाव त्यांना काकू म्हणतं. त्या गटात दुसरं कुणीच नसल्यामुळे सत्तराव्या वर्षी त्या पहिल्यांदा चालल्या आणि त्याच दिवशी दुपारी विक्रम पिशवी घेऊन दारात उभा राहिला. एक तास चार मिनिटं सतरा सेकंद. शांत माणूस. चार वर्षं झाली तरी काकू त्याला 'पाहुणे'च म्हणतात. तो त्यांना पेपर वाचून दाखवतो, निविदा सूचनांसकट. दोघं मिळून मेथी निवडतात. जुडी एक असो की चार, त्यांना एक तास चार मिनिटं सतरा सेकंदच लागतात.

काकूंचे यजमान तो येण्याच्या आदल्या वर्षी गेले. दोन्ही मुलगे लांब आहेत. विक्रम यायच्या आधी काकूंच्या घरी संध्याकाळी रेडिओ फार मोठ्याने लागायचा. आता लागत नाही.

मी एक गोष्ट पाहिली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. चार वर्षांत काकू एक तास सहा मिनिटांच्या आत कधीच आल्या नाहीत. दर रविवारी विक्रम त्यांच्याबरोबर चालतो, आणि शेवटच्या छोट्या पुलावर त्या खाली बसून बुटाची नाडी बांधतात. तो पुढे येऊन नाक्यापाशी थांबतो. मग त्या येतात. काकूंच्या बुटांना नाडी नाही, चिकटपट्टी आहे.

मे महिन्यात टेकाळे बाई गावात राहायला आल्या. त्या तालुक्याच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. शिट्टी अजून गळ्यात असते. पहिल्याच रविवारी त्या पन्नास मिनिटांत परत आल्या आणि केळं सोलत म्हणाल्या, "रस्ता चांगला आहे. पण तुमची माणसं फार गप्पा मारतात." मी त्यांचं वय विचारलं. "एकोणसत्तर. एक जूनला सत्तर."

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांपैकी जवळजवळ सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला माहीत नसायची, मग गुरुजी एक जून लिहायचे. त्यामुळे दर वर्षी त्या दिवशी गावातली सगळी म्हातारी माणसं एकदम एका वर्षाने मोठी होतात. या वर्षी एक जून रविवारी येत होता.

काकू केळ्याच्या टोपलीजवळच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. पाहुण्यांनीही ऐकलं.

त्याच आठवड्यात औताडे साहेबांनी समितीपुढे ठराव मांडला, की यापुढे फळ्यावर निकाल लिहू नयेत. बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यात झाली. खुर्च्या कमी पडतात म्हणून औताडे साहेब दातांच्या खुर्चीत बसले होते. विक्रमांना मत नसतं, ते बाहेर बाकावर बसले. मी इतिवृत्त लिहीत होते.

"ही शर्यत नाही," औताडे साहेब म्हणाले. "आनंदासाठी पळावं. आकडे कशाला हवेत?"

"चार वर्षं त्याच फळ्याखाली उभं राहून फोटो काढत होतात," झेरॉक्सच्या दुकानाच्या रेखाताई म्हणाल्या, "तेव्हा आनंद कुठे गेला होता? आता पोलीस भरतीचा तो पोरगा सतरा-पन्नासवर आलाय, म्हणून सुचलं का?"

"रेखाताई, वैयक्तिक नको."

"मी एक्केचाळीस मिनिटांवरून तेहेतिसावर आले. दीड वर्ष लागलं. ते वैयक्तिकच आहे."

पंपघराचे सोनवणे काका सहसा काही बोलत नाहीत. ते म्हणाले, "मी दर वेळी शेवटून तिसरा. माझ्या नातवाला वर्गात चिडवतात. शिंप्याची सून तर यायचीच बंद झाली. चालायला यायची बिचारी, नाव खाली लागलं आणि घरच्यांनी हसून घेतलं." ते खरं होतं. त्या सुनेचं नाव मीच लिहिलं होतं, चांगल्या अक्षरात.

डॉक्टरांनी नियम वाचून दाखवला. निकाल लिहिले नाहीत तर कुठलाच विक्रम मोडणार नाही, आणि जे जिथे आहेत ते कायमचे तिथेच राहतील. मग मतं घेतली. औताडे साहेब आणि सोनवणे काका ठरावाच्या बाजूने, रेखाताई आणि डॉक्टर विरोधात. उरलं काकूंचं मत.

औताडे साहेब दातांच्या खुर्चीत सरळ होऊन बसले. "काकूंचं काय विचारायचं? काकूंच्या घरातलाच प्रश्न आहे."

काकूंनी दाराच्या काचेतून बाकाकडे पाहिलं. पाहुणे मासिक चाळत होते.

"मी दुसरीपर्यंत शिकले," काकू म्हणाल्या. "माझं नाव रेशनकार्डावर आहे, ते यांच्या नावाखाली. फळ्यावर या पोरीने लिहिलं तेव्हा मी पहिल्यांदा ते एकटं पाहिलं. त्या दिवशी कोथिंबीर आणायच्या निमित्ताने तीनदा त्या रस्त्याने गेले. घरात कोथिंबीर होती."

मग त्या सोनवणे काकांकडे वळल्या.

"सोनवणे, तुमच्या नातवाला म्हणावं, तिसऱ्याच्या खालीही दोघं आहेत, त्यातली एक मी. आणि टेकाळे बाई एवढ्या जिवाच्या आकांताने पळणार आणि फळा कोरा, हे मला बरं दिसत नाही. लिहीत जा."

ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पडला. मी तसं लिहिलं. ज्यांना आपलं नाव नको असेल त्यांनी तसं सांगावं, त्यांच्या जागी नुसती रेघ ओढावी, असं डॉक्टरांनी त्यात जोडायला सांगितलं. सोनवणे काकांनी लगेच हात वर केला.

बाहेर पाहुणे उठून उभे राहिले.

"ताई, साडेसातची गाडी वेळेवर असते का?"

"कधीच नसते," काकू म्हणाल्या.

"मग ठीक आहे."

घरी जाऊन मी नोंदवही उघडली. बायकांच्या पानावर पाचव्या ओळीत काकूंची जन्मतारीख होती. एक जून. टेकाळे बाई ज्या दिवशी सत्तर पूर्ण करणार, त्याच दिवशी काकू पंचाहत्तर पूर्ण करून पुढच्या गटात जाणार होत्या. पंचाहत्तर ते एकोणऐंशीचा गट रिकामा आहे. तिथे जी वेळ लागेल तोच विक्रम.

मी दुसऱ्या दिवशी नोंदवही घेऊनच काकूंकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. मी एका दमात इतकं कधीच बोललेले नाही. दोघं मेथी निवडत होती.

"म्हणजे दुसरा कुणीतरी येईल," काकू म्हणाल्या.

"वेळ तीच लागली तर?" मी विचारलं.

पाहुण्यांनी देठ बाजूला ठेवला. "वेळ तीच असेल तर मीच. सेकंदासकट मात्र. तसं झालं तर मी पुढच्या फाट्यावर उतरून चालत येईन."

"मग सोपं आहे," मी म्हणाले. "तुम्ही नेहमीसारखे बरोबर चाला. काकूंनी फक्त पुलावर बसायचं नाही."

"टेकाळे बाई पन्नास मिनिटांत येतात," पाहुणे म्हणाले. "तू लिहिलंस की मला निघावं लागेल. शेवटची पंधरा मिनिटं ताईंना एकट्याने चालावी लागतील."

मी फळ्याचा विचार केला. पंधरा मिनिटं खडू न उचलणं काही अवघड नसतं. खडू तुटू शकतो. केळी वाटायची असू शकतात. काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"हातात खडू घेऊन थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "आली की लिहायचं."

एक जूनला सकाळी साडेसहाला मी शिट्टी वाजवली. टेकाळे बाईंनीही त्यांची वाजवली. काकू आणि पाहुणे सगळ्यांच्या मागून निघाले.

पोलीस भरतीचा मुलगा सतरा मिनिटं चाळीस सेकंदांत आला. मी लिहिलं. औताडे साहेब अजून परतीच्या रस्त्यावर होते. त्यांचा विक्रम नाक्यापाशीच उभा होता. त्याने पाण्याची बाटली ठेवली, मला नमस्कार केला आणि पळतच स्टँडकडे गेला.

टेकाळे बाई एकोणपन्नास मिनिटं पाच सेकंदांत आल्या. सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. पाट सरळ आहे. नाक्यावरून एक किलोमीटरवरची माणसंसुद्धा ठिपक्यांसारखी दिसतात. मला दोन ठिपके शेजारी शेजारी दिसत होते.

मी त्यांचं नाव लिहिलं. टेकाळे. मग खडू थांबला.

"लिही ना, बाळ," टेकाळे बाई म्हणाल्या. त्या कमरेवर हात ठेवून श्वास घेत होत्या. त्यांनी टाचा उंचावून फळ्याकडे पाहिलं. मला काकू आणि कोथिंबीर आठवली.

मी आकडे लिहिले आणि खडू उचलला. मागे वळून पाहिलं तेव्हा दोन ठिपके थांबले होते. मग एक शेतातल्या पायवाटेने स्टँडकडे वळला आणि दुसरा पाटाच्या कडेने चालत राहिला.

काकूंकडे घड्याळ नव्हतं. त्या घड्याळ वापरत नाहीत. मी नाक्यावरून त्यांचे हात बघत होते. डावा, उजवा, डावा. पाहुण्यांचेही हात तसेच हलतात. छोट्या पुलावर त्या थांबल्या नाहीत. एक तास दोन मिनिटं झाली. फळ्यापाशी वीस-पंचवीस जण जमले होते आणि कुणी केळं खात नव्हतं. रेखाताई पुटपुटत होत्या, "अशाच. अशाच या." औताडे साहेबसुद्धा आले होते. ते माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

साडेसातची गाडी त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटली. काकू नाक्यापासून चाळीस पावलांवर असताना स्टँडवर हॉर्न वाजला. काकूंनी चालता चालता मान वळवून तिकडे पाहिलं. एकदाच. मग त्या पुढे आल्या आणि रेषा ओलांडली.

मी घड्याळ बंद केलं. एक तास चार मिनिटं अठरा सेकंद.

घड्याळ माझ्या हातात होतं आणि आकडा फक्त मला दिसत होता. औताडे साहेब हळूच म्हणाले, "जुई, सतराच असेल ना?" टेकाळे बाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि त्या पाटातलं पाणी बघू लागल्या.

काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं नाही, नुसतं फळ्याकडे पाहिलं. मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, मथुरा दगडू भालसिंग, आणि पुढे अठरा लिहिले.

"अक्षर छान आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी केळं घेतलं.

पावणेबाराच्या गाडीतून तीन विक्रम उतरले. पहिला पोलीस भरतीच्या मुलाच्या खोलीवर गेला. तिथे आधीच पाच जण राहतात, म्हणून तो गच्चीवर झोपतो. दुसरा टेकाळे बाईंकडे गेला. तो एका जागी बसत नाही, म्हणून बाई त्याच्यावर शिट्टी वाजवतात. औताडे साहेबांच्या सोफ्यावर आता वहिनी बसतात.

तिसरा काकूंच्या दारात आला तेव्हा मी तिथेच होते. चेहरा तोच, पिशवीही तशीच. फक्त चप्पल कुठे काढायची हे त्याला माहीत नव्हतं.

"इथे ठेवा," काकू म्हणाल्या. "पेपर वाचता येतो का?"

तो एक सेकंद थांबला. "येतो, ताई."

"निविदासुद्धा वाचायच्या. या आत, पाहुणे."

त्या आत मेथी आणायला गेल्या. मी घड्याळ लावून बसले. निवडायला दोघांना एक तास चार मिनिटं अठरा सेकंद लागले.

पुढच्या रविवारी काकू एक तास सहा मिनिटांनी आल्या. नवे पाहुणे आधी येऊन नाक्यापाशी उभे होते. काकू छोट्या पुलावर बसून बराच वेळ बुटाची नाडी बांधत होत्या.