सातवा लाडू

सुनेने घरच्याच दुकानातले लाडू मोजून मागावेत, ही कुठली रीत? मोहनबाईंना सकाळपासून तेच डाचत होतं. धुळ्यात ज्यांच्या मोतीचुराशिवाय साखरपुडे अडून राहतात, त्या बाईला मेघाने तोंडावर सांगितलं होतं, "बाई, सहा मोतीचूर आणि सहा रव्याचे द्या. एकही जास्त नको."

"जास्त नको म्हणे! जसे काही मी हिच्या गळ्यात बांधणार होते!" मोहनबाई शेवेच्या परातीला म्हणाल्या. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

मेघा वरणगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. मुलाने, अखिलने, स्वतः पसंत करून आणलेली. सुनेने गल्ल्यावर बसावं ही मोहनबाईंची इच्छा, आणि सून जायची देवपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला, तेही हंगामी. शेवटी दोघींचं ठरलं होतं: यंदा शाळेने कायम केलं तर शाळा, नाहीतर मुकाट्याने दुकान. आज संस्थेचे तीन लोक तिचा तास बघायला येणार होते आणि त्यावरच सगळं ठरणार होतं.

तासाला होती अणूची रचना. मेघाने परातीत मधोमध लाडवांचा ढीग रचला, भोवती दोऱ्याची दोन कडी मांडली आणि कड्यांवर पाकाने सहा मनुका चिकटवल्या. "हा कार्बनचा अणू, बाई. मधले पिवळे प्रोटॉन, पांढरे न्यूट्रॉन. मनुका म्हणजे इलेक्ट्रॉन, भोवती फिरणारे."

नळाला आज पाणी येणार नाही हे ऐकावं, तसल्या चेहऱ्याने मोहनबाईंनी ते ऐकून घेतलं. पण मेघा साडी नेसायला आत गेली आणि त्यांचा जीव राहीना. शुभ कामाला घरातून मिठाई निघायची ती अशी सम संख्येत? त्यांच्या माहेरी-सासरी कुणी असं केलं नव्हतं. वर एक ठेवायचाच असतो, शकुनाचा. तोंडाने 'यशस्वी हो' म्हणायचं तर मान खाली घालावी लागली असती. त्यांनी गुपचूप एक मोतीचूर उचलला, ढिगात नीट बसवला आणि परातीवर फडकं टाकलं.

अखिल मेघाला रिक्षाने सोडून आला, तोवर मोहनबाईंना राहवेना.

"सहाचे सात केले मी," त्या म्हणाल्या. "तिला सांगू नकोस."

अखिल मटकन स्टुलावर बसला. "पिवळे? अगं आई, प्रोटॉन किती त्यावरच ठरतं ना अणू कशाचा ते! सहा असले तर कार्बन. तू सातवा टाकलास, नायट्रोजन झाला!"

"म्हणजे रे?"

"म्हणजे कोळशाच्या पोत्यात हवा भरलीस!"

"एका लाडवानं?"

"एकाच. पांढरा ठेवला असतास तर नुसतं वजन वाढलं असतं. कार्बन कार्बनच राहिला असता."

"मग हे आधी कुणी सांगायचं? माझ्याकडे काय रव्याचे कमी होते?"

"आता मेघाला वाटेल, तिला गल्ल्यावर बसवायचं म्हणून तू मुद्दाम केलंस."

हे मात्र मोहनबाईंना सपकन लागलं. मेघाचा फोन बंद. रिक्षा अजून दारातच उभी होती. पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला तीनदा म्हातारा बैल म्हटलं.

"अक्का, थांबा! तास चालू शे!" शिपाई ओरडला. अक्का थांबल्या नाहीत.

वर्गात मेघा नुकतंच फडकं काढत होती. मागच्या बाकावर संस्थेचे तिघे बसले होते. "हा कार्बन," मेघा म्हणाली. "पिवळे मोजा बरं."

"सात!" वर्ग ओरडला. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, अणुअंक सात म्हणजे नायट्रोजन ना?"

मेघाने ढिगाकडे बघितलं, मग दारात धापा टाकणाऱ्या सासूकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मोहनबाई तडक पुढे गेल्या. एक काढला की झालं! पण कुठला? शकुनाचा ठेवलेला परत उचलायचा नसतो. म्हणून त्यांनी रव्याचा उचलला, आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून तोंडात टाकला.

"बारा होते, बारा झाले," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. "चालू दे."

वर्ग खदखदून हसला. मेघाने एकदा डोळे मिटले, उघडले आणि खडू उचलला. "आता अणुवस्तुमानांक किती?"

"सात आणि पाच, बारा!"

"कार्बनचाही बाराच होता. मग हा कार्बन झाला का?"

"नाही! अणुअंक सातच आहे!"

"शाब्बास. वस्तुमानांक तोच असला तरी मूलद्रव्य वेगळं असू शकतं. आणि असा नायट्रोजन टिकत नाही, क्षणात मोडतो. आता सांगा, मनुका सहाच आहेत, मग प्रभार कोणता?"

"धन!"

तास असा रंगला की घंटा कुणाला ऐकूच आली नाही. संस्थेचे अध्यक्ष उठले. "मॅडम, कल्पना छान होती. ठरवून केलं होतं ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मेघा खाली बघत म्हणाली, "नाही सर. लाडू मोजताना माझीच चूक झाली."

"खोटं!" मोहनबाई गरजल्या. "हिची मोजणी कधी चुकत नाही. सातवा मी ठेवला."

"तुम्ही? कशासाठी?"

मोहनबाईंनी पदर सावरला. भिंतीकडे बघून त्या पुटपुटल्या, "हिचं काम व्हावं म्हणून. शकुनाचा."

अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कळवू."

मुलं लाडवांवर तुटून पडली. मेघा परात घेऊन सासूपुढे उभी राहिली. डोळे भरलेले. मोहनबाईंनी तिच्या हातातली परात काढून घेतली.

"नीट ऐक, मेघा. ते घेवोत न घेवोत, दुकानात तुला मी बसवणार नाही. एक खोटं बोललीस, तर कान लाल झाले तुझे. उद्या गिऱ्हाईक विचारेल शेव ताजी का, आणि तू सांगशील कालची आहे म्हणून. धंदा बुडवशील माझा! तू शिकवच, बाई. तुला तेच येतं, आणि फार चांगलं येतं."