मागल्या नाल्याच्या मोहिमेची हकिकत

ज्यांनी किल्ले घेतले त्यांची कवने झाली, ज्यांनी राज्ये बुडविली त्यांचीही झाली. परंतु ज्या एका कुटुंबाने सुट्टीच्या दिवशी, अर्धा चहा कपातच टाकून, घरामागील नाला कोठे जातो याचा तपास शेवटास नेला, त्या कुटुंबाची हकिकत लिहिण्यास कोणी धजले नाही. सबब हे लिहिणे. जे घडले ते लिहिले, पदरचे काही घातले नाही, आणि जेथे घरच्या मंडळींचे आपसांत एकमत नाही तेथे मातोश्रींचे म्हणणे प्रमाण धरिले, कारण त्या घरातही तोच रिवाज आहे.

खासे वडील हे लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर होते. त्यांची हयात वर आणि खाली या दोन दिशांत गेली, बाकीच्या दिशांशी त्यांचा संबंध थोडा. मातोश्री पूर्वी एका छापखान्यात छापलेल्या मजकुरातील चुका काढीत, आणि नोकरी सुटल्यावर तो हुन्नर घरातल्यांवर चालवीत. थोरली कन्या नऊ वर्षांची, तिला टिटवी म्हणत, कारण पाळण्यात असता तिच्या आवाजाने वरच्या मजल्याचे शेजारी जागे होत. धाकटे चार वर्षांचे. त्यास नाव होते, परंतु सर्व जण शेंडेफळ म्हणत आणि तेही त्याच नावास ओ देई.

टिटवी शाळेत जात असता एके दिवशी भूगोलाच्या तासास बाईंनी भिंतीवर नकाशा टांगिला आणि तिला समुद्र दाखविण्याचा हुकूम केला. तिने समुद्र दाखविला, आणि मग कोणी न पुसता पुसले की डोंगर उंच नि समुद्र खोल, तर नकाशात दोघे सारख्या उंचीवर कसे? वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “फालतू प्रश्न नकोत. खाली बस.” मुलगी खाली बसली ती बसलीच. पुढे वर्गात तिने तोंड उघडिले नाही, मग मधल्या सुट्टीत उघडीना, मग दुकानात, जिन्यात, पाहुण्यांत कोठेच उघडीना. घरात मात्र हळू आवाजात पाणी वगैरे मागे. मातोश्रींनी बहुत वाट पाहिली, बाईंस दोन वेळा भेटल्या, आणि मग एके सकाळी मुलीचे दप्तर कपाटाच्या माथ्यावर चढवून जाहीर केले की उद्यापासून शाळा घरीच.

हे वर्तमान वडिलांच्या थोरल्या भगिनी आत्यासाहेब यांस पोचले. आत्यासाहेब एका मातबर शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात ऐकून सारी शाळा चिडीचूप होई. त्यांनी फोनवरून बंधूची जी हजेरी घेतली तिचा तपशील बंधूंनी कोणास सांगितला नाही. सांगण्याची गरजही नव्हती, फोन कानापासून वीतभर दूर धरूनही तो सर्वांस ऐकू आला. अखेर तह ठरला तो असा की सुट्टी लागेपर्यंत मातोश्रींनी मुलीस घरी शिकवावे, मग आत्यासाहेबांनी जातीने येऊन पाहणी करावी, आणि मुलगी कच्ची निघाल्यास तिला आत्यासाहेबांच्या शाळेत रुजू करावे. वडिलांनी दोन्ही बाजूंस मान डोलाविली. येथून संकटास आरंभ.

मातोश्रींनी प्रथम जेवणाचे टेबल काबीज केले. पीठ आणि मीठ भिजवून त्याच्या पर्वतरांगा उठविल्या, चमच्याच्या दांड्याने दऱ्या खोदल्या, निळी पिशवी कापून समुद्र अंथरिला, आणि हा मुलूख वाळेपर्यंत कोणी हात लावू नये असे फर्मान काढिले. मग वडील फ्रिजच्या माथ्यावर ताट ठेवून उभ्याने जेवू लागले. शेंडेफळाने एक शिखर चाखून पाहिले, ते खारट लागले, सबब खात्रीसाठी दुसरे चाखिले. मातोश्रींनी तेवढा प्रदेश पुन्हा उभारिला, आणि तो वाळल्यावर किटली उचलून सर्वांत उंच शिखरावर धार धरिली. पाणी दरीत शिरले, वळणे घेत मैदानात पसरले, समुद्र ओलांडिला आणि टेबलाच्या कडेवरून चटईवर उतरले. टिटवी टेबलाच्या कडेस हनुवटी टेकून हे पाहत होती. ती म्हणाली, “आई, आपल्या मागच्या नाल्याचं पाणी कुठं जातं गं?”

मातोश्रींनी किटली खाली ठेविली. मुलीने किती महिन्यांनी प्रश्न विचारिला होता, आणि नेमके त्याचेच उत्तर त्यांस येत नव्हते. मग त्यांनी वडिलांस पुसले. वडिलांनी बहुत विचार करून सांगितले की लिफ्टच्या खड्ड्यात तरी जात नाही. शेजाऱ्यांस पुसले, त्यांनी “जातं कुठंतरी” असा जबाब दिला आणि दार लाविले. ज्या नाल्याच्या नावाने सर्व जण नाक मुरडीत, त्याचा ठावठिकाणा कोणासच नव्हता.

इतक्यात पाहणीचा दिवस उजाडला आणि आत्यासाहेब पांढरा इस्त्रीचा पोशाख करून दाखल जाहल्या. चहा समोर आला, तो अर्धा जाहला, आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. राजधान्या पुसल्या, वाळवंटे पुसली, सर्वांत लांब नदी पुसली. टिटवी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिली. आत्यासाहेबांनी आवाज मऊ करून पुन्हा पुसले, तरी ती गप्पच. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, कारण त्या कडक असल्या तरी भाचीवर त्यांचा जीव होता. त्या मातोश्रींस म्हणाल्या, “पुरे झालं आता. पोरगी मिटत चाललीय. नव्या सत्रापासून मी नेते तिला.”

मातोश्रींचा धीर सुटला होता, परंतु जीभ शाबूत होती. त्यांनी सवाल टाकिला, “ताई, मग एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या. आमच्या मागचा नाला कुठं जातो?”

“बागेतल्या तळ्यात. हे काय विचारणं झालं?”

तोच अंगठ्याकडेच पाहत टिटवी म्हणाली, “तळ्यात नाही जात. तळं वर आहे. बागेत जाताना चढ लागतो.”

आत्यासाहेबांनी भाचीकडे पाहिले, भावजयीकडे पाहिले, कप बशीत ठेविला आणि उभ्या राहिल्या. “दाखव मग,” इतकाच हुकूम जाहला.

तत्काळ कूच झाले. बिनीवर टिटवी, हाती बुटांच्या खोक्याचे झाकण आणि पेन्सिल, त्यावर ती नाल्याची रेघ ओढीत चालली; तिच्या मागे मातोश्री, मागे आत्यासाहेब, आणि पिछाडीस वडील, ज्यांच्या खांद्यावर शेंडेफळ आणि हाती पाण्याच्या बाटल्या अशी दुहेरी रसद होती. नाल्याच्या कडेने वाट अशी नव्हती, होते ते घरांचे मागले अंग, जे पाहुण्यांस कोणी दाखवीत नाही. तेथे फरशी पुसण्याची फडकी वाळत होती, खानावळींचे पंखे तळणीचा वास ओकत होते, उपड्या टबावर बसून एक आचारी मोबाईल पाहत होता, त्याने या फौजेस पाहून पाय आखडून वाट दिली. गाड्या धुण्याच्या कारखान्यामागे नाल्यास साबणाचा फेस आला, लाँड्रीमागे पाणी कोमट झाले, आणि एका कुंपणापाशी आत्यासाहेबांचा एक पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. त्यांनी तो काढिला, काही बोलल्या नाहीत, आणि चालू लागल्या. हे वडिलांनी पाहिले आणि ते धास्तावले.

मग फर्निचरच्या एका बड्या दुकानाच्या मागे नाला एका गोल नळात शिरला आणि गडप जाहला. बाका प्रसंग आला. वडिलांनी फोनवरील नकाशा उघडिला. त्याने दुकान दाखविले, ते किती वाजता उघडते हे दाखविले, लोकांनी त्यास किती तारे दिले हेही दाखविले, परंतु त्याच्या पोटाखालून पाणी जाते याचा त्यास गंध नव्हता. आत्यासाहेब म्हणाल्या, “संपला नाला. चला घरी.” मसलत मोडण्याच्या बेतात आली.

तो टिटवी दुकानास वळसा घालून पुढल्या रस्त्यावर गेली होती. तेथे फुटपाथाच्या कडेस लोखंडी जाळी होती. मुलीने हातातले खोक्याचे झाकण बाजूस ठेविले, रस्त्यावर पालथी पडली आणि जाळीस कान लाविला. मातोश्रींच्या ओठांवर कपड्यांविषयी एक वाक्य आले होते, ते त्यांनी गिळिले.

“वाजतंय,” टिटवी म्हणाली. “खालून चाललंय.”

मग मातोश्रींनी कान लाविला, त्यांसही ऐकू आले. वडिलांनी लाविला, शेंडेफळाने लाविला आणि जाळीत “ओ” अशी आरोळी ठोकिली. अखेरीस आत्यासाहेबांनी इकडे तिकडे पाहिले आणि गुडघे टेकिले. नेमके त्याच वेळी त्यांच्या शाळेतील एका मुलाचे वडील पिशवी घेऊन तेथून चालले होते, ते थबकले आणि अदबीने म्हणाले, “मॅडम? काही हरवलंय का?”

“नाला,” आत्यासाहेब कान न उचलता म्हणाल्या. “जरा शांत राहा.”

ते गृहस्थ शांत राहिले, आणि पालकसभेतही पुढे कधी बोलले नाहीत असे म्हणतात.

येणेप्रमाणे जाळीमागून जाळी घेत, वाकत नि उठत फौज चालली, तो चौक आला. तेथे दोन रस्त्यांस दोन जाळ्या आणि दोन्हींतून खळखळ सारखीच. वडिलांनी उजवीकडे कौल दिला, आत्यासाहेबांनी डावीकडे. त्या म्हणाल्या, “तुझं ऐकून लहानपणी सायकलवरून कुठं पोचलो होतो, आठवतंय ना?” वडील म्हणाले, “ती सायकल तू चालवत होतीस, ताई!” भाऊबहिणींचे हे जुने वैर पेटले असता मातोश्री त्यांस आवरू लागल्या, आणि मग मागे वळून पाहतात तो टिटवी जागेवर नाही. रस्ता अनोळखी, वाहने भरधाव, आणि मुलगी अशी की हरवली तरी कोणास नाव सांगणार नाही.

त्यांनी चौकाच्या कोपऱ्यावर पाहिले तो टायरच्या दुकानापुढे टिटवी उभी, समोर दुकानदार, आणि मुलगी खणखणीत आवाजात त्यास विचारीत होती, “काका, जोराचा पाऊस आला की इथं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं?”

वडील धावणार तो मातोश्रींनी त्यांची बाही धरिली. आत्यासाहेबही होत्या तेथे खिळल्या. कोणी हलले नाही, शेंडेफळदेखील नाही.

“ते विचारूच नको,” दुकानदार हात नाचवीत म्हणाला. “त्या फर्निचरवाल्याकडून येतं नि माझे टायर घेऊन या उतारानं खाली पळतं. पण तुला कोणी पाठवलं गं? नगरपालिकेतून आलीस का?”

“नाही. मी घरून आले,” टिटवी म्हणाली, आणि झाकणावर रेघ ओढून डाव्या रस्त्यास लागली. मग सारी फौज मुकाट तिच्या मागून उतरली. आत्यासाहेबांचा कौल खरा ठरला होता, परंतु त्यांनी तो उच्चारिला नाही. अशी दुसरी नोंद त्यांच्या आयुष्यात नाही.

रस्ता संपला, पुढे दगडी पायऱ्या लागल्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी नदी दिसली. बाजूच्या भिंतीतून एक नळ बाहेर आला होता, त्यातून आपला नाला मोठ्या आवाजाने खाली पडत होता. त्याचे राखी पाणी थोडा वेळ नदीच्या काठाकाठाने वेगळे चालले, आणि मग कोणते कोणाचे हे सांगता येईना. शेंडेफळाने वडिलांच्या खांद्यावरून उतरून, त्यांनी पायरीवर काढून ठेविलेला एक बूट प्रवाहात टाकिला, तो वाहत दूर गेला, आणि पाणी कोणत्या दिशेस जाते हे निर्विवाद सिद्ध जाहले.

आत्यासाहेब पायरीवर बसल्या आणि चिखलाचा पाय पाण्यात सोडिला. मग म्हणाल्या, “टिटवे, आमच्या भूगोलाच्या बाईंना पाठवते तुझ्याकडे. त्यांनाही दाखव हे.”

“जुने बूट घालून यायला सांग त्यांना,” टिटवीने उत्तर दिले.

मग आत्यासाहेबांनी भावजयीकडे पाहून “तुझं चालू दे,” असा अखेरचा हुकूम केला, आणि नव्या सत्राचे बोलणे तेथेच मोडिले. येणेप्रमाणे नाला नदीपावेतो सर होऊन मोहीम फत्ते जाहली. फौजेचे नुकसान एक बूट आणि एक पांढरा पोशाख. कैद कोणी नाही. मातोश्री त्या समयी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि डोळे पुशीत होत्या. नळाच्या वासाने डोळे चुरचुरले असे त्यांचे म्हणणे आहे, आणि आरंभी ठरल्याप्रमाणे तेच प्रमाण धरावयाचे आहे. तथापि वास तर सर्वांसच येत होता.