नानांवाचून चालणारं कार्यालय

"यंदा मी जाणारच," नानांनी बायकोला सांगितलं आणि कॅलेंडरवर अर्जाच्या शेवटच्या तारखेभोवती लाल गोल केला.

नाना परवाने कार्यालयात हेडक्लार्क. सरकारी खर्चाने परदेशात सहा महिने व्यवस्थापनाचं प्रशिक्षण, अशी शिष्यवृत्ती दरवर्षी निघायची आणि दरवर्षी नाना दुसऱ्यांचे अर्ज बिनचूक भरून द्यायचे. लोक जाऊन यायचे, वर नानांनाच फोटो दाखवायचे. आता नानांची पंचेचाळिशी पुढच्या महिन्यात पूर्ण होत होती आणि वयाची अटही पंचेचाळीसचीच होती. आता नाही तर कधीच नाही.

घोडं अडलं ते एका दाखल्यापाशी. उमेदवार नसताना काम अडणार नाही, असं वरिष्ठांनी लिहून द्यायचं होतं.

"खोटं कसं लिहू, नाना?" साहेब कळवळून म्हणाले. साहेब वयाने लहान, स्वभावाने गरीब. "तुम्ही जेवायला गेलात तरी मला धडधडतं."

"मी आठवडाभर रजा घेतो. काम चाललं तर सही कराल?"

"करीन की. पण चालायला हवं."

नानांनी कंबर कसली. दाखला मागाहून जोडतो, असं लिहून अर्ज धाडून दिला. कपाटांना चिठ्ठ्या लावल्या, टायपिस्ट बाईंकडून शिक्क्यांचा क्रम घोकून घेतला, आवक-जावक बघणाऱ्या काकांना तीनदा बजावलं. सोमवारी रजा सुरू झाली. पण घरी स्वस्थ बसतील तर ते नाना कसले. कार्यालयासमोरच्या चहाच्या दुकानात ते खांबाआड जाऊन बसले. नुसतं बघायला.

सव्वादहाला टायपिस्ट बाई चहाला आल्या आणि त्यांनी खांबाआडचं टक्कल ओळखलं. "नाना, एवढं एकच सांगा, नूतनीकरणाला कुठला शिक्का आधी?" नानांनी सांगितलं. एवढ्याने काय बिघडतंय?

मंगळवारी काका फायली घेऊन आले, दुपारी शिक्क्यांचा डबाही आला. बुधवारी लोकांना पत्ता लागला आणि खिडकीपुढची रांग रस्ता ओलांडून दुकानात शिरली. दुकानाच्या मालकीणबाईंनी दोन टेबलं जोडून दिली आणि चहा घेतल्याशिवाय कुणाचा परवाना निघणार नाही, असं परस्पर जाहीर करून टाकलं.

नाना प्रत्येकाला निक्षून सांगत होते, "मी रजेवर आहे हं. पुढचे या."

गुरुवारी शिष्यवृत्तीच्या निवड समितीच्या तपासनीस बाई न कळवता आल्या. कार्यालयात साहेब एकटेच, शब्दकोडं सोडवत बसलेले.

"बाकीचे कुठे आहेत?"

"समोर."

"कधीपासून?"

साहेबांनी आठवून पाहिलं. "कालपासून असतील. कुणी मला विचारायला आलं नाही."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं, रस्ता ओलांडला आणि अर्धा तास त्या दोन टेबलांवरचं काम बघत चहा घेतला.

"मी रजेवर आहे," नाना उभं राहून म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. हेडक्लार्कशिवाय हे कार्यालय एक दिवसही चालणार नाही, सबब अर्ज नामंजूर. मात्र साहेब नसले तरी कुणाचंही काहीही अडत नाही, हे समितीने प्रत्यक्ष पाहिलं आहे. तरी या कार्यालयाच्या वाट्याची जागा वाया न घालवता साहेबांना पाठवावं.

नानांना फार वाईट वाटलं. संध्याकाळी मात्र त्यांनी साहेबांचा अर्ज भरायला घेतला, कारण साहेबांना तो भरता आला नसता.

साहेब गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "नाना, इथे रोज गृहपाठ देतात हो. कामाची विभागणी कशी करावी, यावर चार पानं लिहायचीत. काय लिहू?"

नानांनी खुर्ची पुढे ओढली. "आधी धडा वाचून दाखवा," ते म्हणाले. "सगळा. मधलं काही गाळू नका."

सहा महिने हे असंच चाललं. निकाल लागला त्या दिवशी नाना घरी आले आणि चपला काढायच्या आधीच बायकोला म्हणाले, "वर्गात पहिला आलो."