रशीदचाचांची उभी गाडी

रशीदचाचा दुसऱ्याच्या गाडीत बसले की आधी एसी बंद करतात. मग पंखा, मग गाणी. विचारत नाहीत. मुकुंदवाडीच्या सिग्नलला एकदा त्यांनी मागच्या सीटवरून हात घालून रिक्षावाल्याचा स्पीकर बंद केला होता. तो भडकला, तर त्यालाच म्हणाले, "मियाँ, गाडी उभी हाय ना? मग बोझा कायको?"

चाचा आमचे शेजारी. आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेलं. मी नवीन गाडी शिकले तेव्हा माझी गाडी सिग्नलला हमखास बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे, मला घाम फुटायचा, म्हणून मी एसी आणखी वाढवायचे. एक दिवस चाचा शेजारी येऊन बसले आणि त्यांनी तो खटकन बंद केला.

"ऐक आता."

इंजिन मोकळं झाल्यासारखं वाजू लागलं. मग त्यांनी हेडलाइट लावले, पंखा लावला. आवाज खाली गेला. स्टिअरिंग थरथरायला लागलं.

"कळलं? अल्टरनेटर करंट बनवतो, पन त्याला फिरवतं इंजन. तू जितका करंट मागशील तितका त्यो जड व्हतो. पळत्या गाडीला कळत नाय. उभ्या गाडीत दमच कमी, अन् तू तिथंच समदं मागायलीस."

हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते. मार्कही चांगले पडले होते. पण ते ऐकू येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

चाचांची स्वतःची जुनी गाडी मात्र कुठेच जात नाही. ती चाचींच्या खिडकीखाली उभी असते. चाचींची फुप्फुसं थकली आहेत. त्यांना दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि आमच्या गल्लीत वीज कधीही जाते. गेली की चाचा इंजिन सुरू करतात. गाडीत बसवलेल्या इन्व्हर्टरची वायर खिडकीतून आत जाते आणि मशीन चालू राहतं. धूर आत जाऊ नये म्हणून सायलेन्सरला लांबलचक पाइप जोडून तो पलीकडच्या रिकाम्या प्लॉटपर्यंत नेलाय. गाडीतला टेप, पंखा, आतले दिवे, सगळं उपटून टाकलंय.

"चाचा, घरातच मोठी बॅटरी का नाही बसवत?" आईने एकदा विचारलं.

"ताई, बॅटरी न सांगता बसती, एकदम बंद. इंजन बसायच्या आधी बोलतं."

म्हणून वीज येईपर्यंत ते गाडीत डोळे मिटून बसतात. कुणी काही विचारलं तर बोट वर करतात. "थांब. ऐकायलोय."

"माझ्यापेक्षा जास्त तिच्यापाशी बसतात," चाची मला म्हणाल्या होत्या. "निकाह माझ्याशी झालाय, एवढी आठवण करून देत जा."

गेल्या महिन्यात चाचा दुपारी गुलमंडीच्या बाजारात गेले. ऑक्सिजनची नळी चाचींच्या कानामागे काचते, तिच्यावर गुंडाळायला त्यांना मऊ मलमल हवी होती. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "लाइट गेली तर चालू कर. आवाज खाली गेला की जरा रेस दे. बस."

ते गेले आणि अर्ध्या तासात वीज गेली.

मी धावत जाऊन गाडी सुरू केली. आत मशीन चालू झालं तसा इंजिनाचा आवाज दबला. मी घाबरून चाचांना फोन लावला.

"फोन इंजनाकडं धर," ते म्हणाले. मी धरला. गुलमंडीच्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येणार होतं कोण जाणे. "हां. जड हाय. चांगलं हाय. फोन बंद नक्को करू."

मी रेसवर पाय तोलून बसून राहिले. जड कसं काय चांगलं, ते मला कळलं नाही. दहा मिनिटं गेली असतील. अचानक आवाज वर चढला. थरथर थांबली. मला इतकं बरं वाटलं, की मी पाय काढून टेकून बसले.

"बेटा!" फोनमधून चाचा ओरडले. "हलकी का झाली? बोझा कुठं गेला? आत जा! पळ!"

तेव्हा मला कळलं. इंजिन हलकं झालं, म्हणजे मशीन बंद पडलं असणार.

मी आत पळाले, फोन हातातच. चाची पलंगाच्या कडेला बसून धापा टाकत होत्या. मशीनची पिन त्यांनी गाडीच्या वायरीतून काढून भिंतीतल्या प्लगला लावली होती. डोक्यावर पंखा फिरत होता.

"लाइट आली ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पोरीला कशाला त्रास... तू का रडायलीस गं?"

मी फोनवर सांगितलं, चाचा, वीज आली, चाची ठीक आहेत. फोनमधून बाजार ऐकू येत होता. दुकानदार विचारत होता, "चाचा, कितना काटूं? चाचा? बैठो, बैठो जरा."

मग चाचा हळूच म्हणाले, "बेटा, फोन तिच्याजवळ धर. बोलू नको म्हणावं, दम लागंल. नुसता धर."

"सांग त्यांना, मी अजून मेले नाय," चाची म्हणाल्या.

पण मी फोन जवळ नेला तेव्हा त्यांनी नळी नीट केली, डोळे मिटले आणि फोनमध्ये ऐकू जाईल असा सावकाश श्वास घेत राहिल्या.